चोवीसने गुणताना

सकाळी काडेपेट्या येतात.
डब्या जूनमध्येच संपल्या आंतालाहात,
तेव्हापासून या. आत केळीच्या पानाचा तुकडा,
तुकड्यात एका लेकराचा काल.

जाळीवर दाबायचं, वर येईल तेवढंच घ्यायचं,
पट्टीच्या भोकात भरायचं काठोकाठ,
त्यावर हिरव्या ग्लिसरिनमध्ये रात्रभर भिजलेला सेलोफेन.
काच उलटी करून अंगठ्याने दाब.
पातळ इतकं, की खाली ठेवलेल्या वर्तमानपत्रातली
व्हॅनिलाच्या भावाची ओळ वाचता यावी.

ग्लिसरिन घाण पारदर्शक करतं,
आणि उशीर केला तर अंडीही.
जंताचं अंडं थांबतं, लिचीसारख्या खरबरीत सालीचं.
दोन्ही टोकांना बुचं लावलेलं ते पिंपही थांबतं.
अंकुशकृमीचं नाही.
ते तासाभरात निघून जातं, काचेवर बसल्या बसल्या.

वीज गेली की मी आरसा खिडकीकडे वळवते.
ढग आला की थांबते. बोटं क्लिकरवर.

मंगळवारी सुआझाराच्या तीन काडेपेट्या :
फांजा, तुलूत्रा, वेलू.
पहिल्या काचेत एकतीस, दुसरीत तेहतीस,
तिसरीत तीस,
आणि तिन्हींत निळ्या मेणखडूचे कण.

मी काही बोलले नाही. तीच म्हणाली,
"खडू तुलूत्रा खातो.
फांजा लाजते, आणि वेलूला चार दिवस होतच नाही.
रिकामी पेटी आणली तर तुम्ही
त्यांची नावं खोडाल, ना?"

गोळी सगळ्यांना मिळते, मी सांगितलं,
नाव असो नसो.
तिला ते पटलं नाही. मलाही, बोलताना,
तितकंसं पटलं नाही.
वहीत दोन घरं कोरी सोडली.

फांजाची पेटी बुधवारी आली, बहिणीच्या हातून नव्हे,
तिनेच आणली, पाठीमागे लपवून.

वेलूची शुक्रवारी, भर दुपारी.
सुआझारा लवंगांच्या वाळवणातून पळत आली,
पेटी अजून कोमट.
दोन वर्षांचा पोरगा तिच्या पाठीवर झोपलेला,
नखं कागदासारखी.

निळं काही नव्हतं.
कोपऱ्यात एक. पातळ कवच, आत चार पेशी.
मग आणखी एक. ढग.
मग दोन.

चार गुणिले चोवीस. शहाण्णव, लिहिलं पेनने.

तासाभराने, खात्रीसाठी,
तीच काच पुन्हा लावली.
खिडकीतून चांगलं ऊन येत होतं.
काचेवर काहीच नव्हतं.