तीन तास

मागच्या वेळी डावी बाजू, म्हणजे आज उजवी.
तूलिक्की हे वहीत बघूनच सांगते.
पिवळी पूड, त्यात द्रव, बाटली हातावर ठकठक,
शेवटची गुठळी मोडेपर्यंत.
सुई आत गेली की दट्ट्या जरा मागे ओढते:
रक्त नाही ना?
नाही.
मग सावकाश.
"चोळू नकोस," दर वेळी म्हणते,
जणू मी कधी चोळलंय.

आता तीन तास खिडकीपाशी.
कायानीचं तळं अजून गोठलेलंच.
बर्फाला भोक पाडून कुणीतरी गळ टाकून बसलंय.
तोही बसलाय, मीही.

ती येते. नाव?
एन्सिओ.
वार?
गुरुवार.
कुठे आहेस?
जिथे कॉफी पातळ मिळते तिथे.
हसत नाही. डोळ्यांत बघते,
जीभ जड झाली का ते ऐकते.
इथेच एकजण 'बरा आहे, बरा आहे' म्हणत
दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यातच खाली बसला.
तेव्हापासून तिचा विनोदांवर विश्वास नाही.

बावीस वर्षं मी ओंडक्यांचा ट्रक चालवला.
रात्री बंद रेडिओ मला वळणं सांगायचा,
आणि एकदा त्याने चुकीचं सांगितलं.
आज किल्ल्या बहिणीच्या पर्समध्ये.
उद्यापर्यंत मागायच्या नाहीत, ठरलंय.

पावणेतीन तास.
तळ्यावरच्या माणसाने काहीतरी वर ओढलं,
लहान असावं, परत सोडलं.
तूलिक्की पुन्हा दारात.
नाव?
मी नीट, अक्षर न् अक्षर सांगतो.