जमिनीवर थेंब नाही

लसूडिया मोरीला, ट्रकांच्या रांगेपलीकडे,
सबनीस उस्तादांच्या शेडसमोर
भेरूलाल पाटीदारनं ट्रॅक्टर उभा केला
आणि सीटवरूनच विचारलं,
"उस्ताद, तेल कां जई रियो हे?"

महिन्यात दोनदा ओतलं म्हणे, पाच-पाच लिटर.
कल्टिव्हेटर उचलताना लिफ्ट थरथरते,
रात्री वर ठेवलेला
सकाळी दाते मातीत रोवून उभा.

"आधी आंघोळ," उस्ताद म्हणाले.
डिझेल, ब्रश, मग हवेचा पाइप.
सात वर्षांत इथे पहिलं हेच शिकलो:
ओलं दिसतं तिथे फुटलेलं नसतं.
तेल उतारानं येतं, पंख्याच्या वाऱ्यानं मागे सरतं,
कुठल्यातरी बोल्टच्या डोक्यावर थबकतं
जणू जन्मापासून तिथलंच.
धुतल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही.

मग काकूंच्या कपाटातला पावडरचा डबा.
त्यावर त्यांनी कधीच लिहून ठेवलंय,
'वर्कशॉपचा नाही'.
नळ्यांचे सांधे, पंपाचं तोंड,
कंट्रोल व्हॉल्व्हची मान, सगळं पांढरं.
लाल म्हातारा ट्रॅक्टर
गणेशोत्सवातल्या हौशी नटासारखा
रंग लावून घेत गप्प उभा.

चालू केला. तापू दिला.
मी वाकलो, नळीखाली हात घातला
आणि मनगटावर फटका बसला.
"हात नाही. पुठ्ठा."
शेवेच्या खोक्याचा तुकडा, त्यावर 'लौंग' छापलेलं.
"सुईच्या टोकाएवढं भोक असतं.
तेल कातडीत शिरतं, कळतसुद्धा नाही.
संध्याकाळपर्यंत बोट काळं.
आपल्या हिरामणचं बोट..."
यापुढे ते कधीच सांगत नाहीत.

पुठ्ठा नळीच्या कडेकडेनं फिरवला,
वाकणापाशी थांबवला,
लिव्हर वर, लिव्हर खाली.
पुठ्ठा कोरडा.
एका सांध्यापाशी पावडरवर
मोहरीएवढा करडा ठिपका.
तांब्याचा वॉशर, बारा रुपये.
पण मोहरीतून दहा लिटर जात नाही.

उस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
"काय दिसतं?"
"काही नाही."
"काही नाही कुठे कुठे दिसतं, ते सांग."
मी सांगत गेलो. नळी. फिल्टर. मागची सीलं.
फरशी. फरशीवर सकाळचा चहा सांडलेला, तेवढाच.

"बंद कर. दहा मिनिटं थांब.
मग डिपस्टिक काढ.
हायड्रॉलिकची नको, ती पाहिली. इंजिनाची."
पुसली, घातली, काढली.
वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर.
भेरूलालची छाती फुगली:
"इंजिन तो टीपो नी पीवे, उस्ताद!
साल भर में म्हने नी डाल्यो."

उस्ताद हसले नाहीत.
काडीवरचं तेल अंगठ्यावर घेतलं,
चोळलं, हुंगलं, पुन्हा चोळलं.
"पातळ झालंय. चावी काढून घे त्याच्याकडून.
हा घरी चालवत जाणार नाही."

पंप उतरवायला तिन्हीसांजा झाल्या.
शाफ्टवरचं सील,
एका अंगाला हायड्रॉलिक, दुसऱ्या अंगाला इंजिन,
मध्ये रुपयाएवढं रबर,
त्याची कड एका जागी कुरतडलेली.
मला दिव्याखाली धरूनही दिसेना.
उस्तादांनी नख फिरवलं
आणि बरोबर तिथे अडवलं.

रात्री लिफ्ट खाली येते, तो रोग निराळा.
सिलिंडरातली रिंग असेल, नाहीतर व्हॉल्व्ह. उद्या बघू.
भेरूलाल बाकावर बसून
इंजिनाच्या तारिफेबद्दल मनात काहीतरी मोडत होता.

पावडरचा डबा पुसून मी कपाटात ठेवला,
लेबल पुढे, होता तसा.
काही उपयोग नाही.
काकू तो नुसता हातात घेतात
आणि किती गेलं ते सांगतात.