लोकर आणि पेंढा

गिरणीला टाळं लागलं त्या हिवाळ्यात
विश्राम कासलेने चौसष्ट ताव पतंगी कागद आणला
जांभळी नाक्यावरून, उधारीवर,
आणि मैद्याच्या खळीने जोडत बसला
वर्तकनगरात, आमच्या चाळीच्या गच्चीवर.
"कुणाच्या लग्नाची कनात रे?" खालून कुणीतरी.
तो ओठांत सुई धरल्यासारखा गप्प.

मी दहा वर्षांची, खळीचं पातेलं धरायला.
मला म्हणाला, फ्रान्सात दोन भाऊ होते,
बापाची कागदाची गिरणी,
म्हणजे आपल्यातलेच म्हण.
मग जरा थांबून: नाही, मालकच ते.
कापडाला आतून कागद डकवला त्यांनी,
तुकडे एकमेकांना गुंड्यांनी लावले,
दोनेक हजार गुंड्या, सदऱ्याला असतात तशा,
आणि खाली पेटवला पेंढा. पेंढ्यात लोकर.
त्यांना वाटायचं, धूरच उचलतो;
जितका घाण धूर, तितकं उंच.
"चूक होतं. पण उडालं ना?"

पुढे राजाच्या अंगणात
मेंढी, बदक, कोंबडा, एकाच पिंजऱ्यात.
बदक कशाला, मी विचारलं, त्याला येतंच की.
"म्हणूनच. त्याला काही झालं असतं
तर दोष उंचीचा नाही, फुग्याचा."
कोंबड्याचा पंख दुखावला.
पंडितांनी वरच्या हवेवर आळ घेतला.
शेवटी कळलं, मेंढीने लाथ मारली होती.
यावर विश्राम इतका हसला
की खळ सांडली.
बावीस वर्षं मेंढीच्याच पाठीवर जगलेला माणूस.

रविवारी उपवनच्या काठावर
पेंढा बाळकुमच्या गोठ्यातला,
लोकर शेवटच्या पाळीची, डब्याच्या पिशवीतून आलेली.
गवाणकर सर म्हणाले, "लोकर नको हो, नुसती घाण सुटेल.
धूर नाही उचलत. ऊब उचलते."
विश्रामने अजून मूठभर टाकली.
"मग सर, लोकर दुसरं काय करते?"

केस जळल्यासारखा वास. बायकांचे पदर नाकाला.
कागद आधी कुशीवर वळला,
मग तापातून उठलेल्या माणसासारखा
डुलत उभा राहिला
आणि गेला.
खाली दोऱ्याला विश्रामचा हजेरीचा बिल्ला,
पितळी, अकराशे सत्तेचाळीस.
भोंग्याच्या वरून गेला, थंड धुराड्याच्या वरून,
तिथे एकदा तिरपा झाला, कुणी हाक मारल्यासारखा,
आणि येऊरच्या झाडीकडे बारीक होत गेला.
आम्ही तीन रविवार शोधलं.
चौथ्या रविवारी विश्रामला सुट्टी नव्हती,
माजिवड्याला वॉचमन लागला होता.

आता गिरणीच्या त्याच जमिनीवर
मी एकोणिसाव्या मजल्यावर राहते.
लिफ्टने जाते. पेंढा लागत नाही.

परवा इस्त्रीखाली शाल करपली.
खिडकी उघडली तर
वास थोडा वेळ पडद्यापाशी घुटमळला,
मग बाहेर पडला,
आधी वर,
मग येऊरकडे.