वरचं तू ऐक

दुकानातला पोरगा, यूसो, पायमोज्यांवरच वावरतो,
म्हणून आम्हीही बूट दाराशी काढले.
तुर्कूतला नोव्हेंबर, नदीवर अर्धामुर्धा बर्फ
आणि ताउनोच्या कोटाच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर.
मला माहीत होतं. बोलले नाही.

एकतीस वर्षं जहाजाच्या इंजिनखोलीत.
टोक लोखंडावर, मूठ कानामागच्या हाडावर टेकवून
तो बेअरिंगांचा कानोसा घ्यायचा :
हे ठीक. हे कुरकुरतंय. हे स्टॉकहोमपर्यंत निभेल.
इंजिनांनी मजुरीत त्याचे वरचे सूर कापून घेतले.
कानाच्या डॉक्टरणीने कागदावर दाखवलं,
रेघ सरळ चालत येते
आणि धक्क्याच्या कडेवरून पाण्यात पडते.

आणि ह्याला हवेत असे स्पीकर
ज्यांचा ट्वीटर चाळीस हजारांपर्यंत चढतो.
वटवाघळं येणारेत का ऐकायला, मी विचारलं.
"वरचं तू ऐक," म्हणाला. "खालचं मी बघतो."

यूसोने एक अ‍ॅम्प्लिफायर लावला, मग दुसरा, व्हॉल्व्हचा,
काचेत विझत आलेल्या निखाऱ्यासारखं काहीतरी.
तबकडी तीच, बाई तीच, टँगो तोच.
दोघे माझ्या तोंडाकडे बघत बसले,
जशी मी सूपचं मीठ सांगणार होते.

मला हर्ट्झ येत नाहीत.
म्हटलं, पहिल्यात बाई नुकतीच दात घासून आलीय.
दुसऱ्यात तिने कॉफी घेतलीय.
ताउनोने वहीत लिहिलं : कॉफी.

मग काळी लाखेची जोडी, माझ्याहून उंच,
किंमत आमच्या होडीइतकी, मोटर धरून.
इथे बाई नाहीच, म्हटलं,
नुसते ओठ आहेत, फ्रिजएवढे.
यूसो हसला नाही.

त्याने केबल बदलली,
बोटभर जाड, सापाच्या कातीसारखी विणलेली.
मला काही म्हणजे काही फरक कळला नाही.
डोळे मिटून पुन्हा ऐकलं. तेच.
ताउनोने मान वर केली.
जहाजावरून उतरताना गर्दीत मला शोधायचा
तोच चेहरा.
हो, म्हटलं, थोडा.
चारशे ऐंशी युरोचा थोडा.

शेवटी त्याने खिशात हात घातलाच.
कोपऱ्यातल्या बुटक्या बर्चच्या जोडीवर
टोक ठेवलं, मूठ हाडाला लावली, बोटाने ठोकलं.
यूसो धावत आला.
"बद्द वाजतंय," ताउनो म्हणाला, "फुटक्या मडक्यासारखं,"
आणि असा खूश झाला
की पेटीने स्वतः गाऊ नये एवढं मलाही समजलं.

आता सिनीची खोली.
ती ऊलूला गेल्यापासून रिकामीच होती;
टाळी वाजवली की भिंती
तीन वेळा परत द्यायच्या.
मी चिंध्यांच्या सतरंज्या टांगल्या, पुस्तकं लावली,
टाळी हळूहळू एकच झाली.
(सौनाची खोली मागत होता आधी.
तेवढं मात्र मी ऐकलं नाही.)

तो फरशीला टेप चिकटवून गुडघ्यांवर रांगतो,
स्पीकर नखभर आत, नखभर बाहेर.
खुर्ची एकच, बरोब्बर मधोमध.
दोन ठेवल्या तर म्हणतो
दोघांनाही अर्धंच मिळतं.

म्हणून मी स्वयंपाकघरात, बटाटे सोलत.
भिंतीतून वरचं काही येत नाही.
बाई राहते पलीकडे, तिचा श्वास, तिची कॉफी,
इकडे पोचतं फक्त खालचं,
गोल, गरम, पाण्याखालून चालल्यासारखं.
सुरी थांबते माझी.
हे असं असतं होय तुझं.

आतून हाक येते :
"इर्या, व्हायोलिन आलं का?"

इथून मला कुठलं ऐकू येणार.

आलं, मी म्हणते.