अधिक-उणे नऊ

तळं आटवायला घेतलंय.
पोखरण रोडवरून आत, येऊरच्या पायथ्याशी.
फलकावर लिहिलंय : सुशोभीकरण, टप्पा दोन.
पंप रात्रभर घरघरला. सकाळी गाळात
एकेकट्या चपला, निर्माल्याच्या पिशव्या,
आणि कुणाच्या तरी गणपतीचा
रंग न उडालेला कान.

पोकलेनवरून सुखदेव ओरडतो,
"म्याडम, किती हायती आत?"
मी वही उघडते. तीन वर्षांच्या पकडी,
चिपा, पुन्हा पकडी, त्यावरचं गणित.
सत्तावीस, म्हणते. अधिक-उणे नऊ.
"उणे नऊ म्हंजी?"
म्हणजे मला माहीत नाही, पण
किती माहीत नाही ते माहीत आहे.
तो जरा वेळ बघतो. इंजिन बंद करतो.

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मी लिहिलंय
की बरगड्या रुंदावल्या, एकमेकींना भिडल्या,
खांदे त्यांच्या आत गेले;
आणि त्याआधी, बावीस कोटी वर्षांपूर्वी,
पाठ अजून उघडी असताना
पोट झाकून झालं होतं.
धोका खालून येत असावा.
सरांनी 'असावा'खाली रेघ मारून ठेवलीय.
आज तो वरून येतोय, पिवळा,
दातांचं बकेट घेऊन.

बांबूनं टोचत जायचं.
दगड टक् करतो. कासव ठप्प.
हे कुठल्याच शोधनिबंधात नाही,
चेंदणीच्या भानजी मामांनी शिकवलं.
गुडघाभर गाळात हात घालून
मऊ कातड्याची पाठ अलगद उचलायची,
मान कुठल्या बाजूला आहे ते आधी ओळखून.

दुपारपर्यंत अकरा.
एकीवर यंत्र टुणकन वाजतं : चिप क्रमांक चार.
तीन वर्षांत चार मिलिमीटर वाढलीय.
आई फोनवर विचारते, अजून किती राहिलंय गं?
तिलाही मी अधिक-उणेच सांगते.

शिवाय लाल कानाची दोन,
कुण्या सोसायटीतल्या काचेच्या पेटीत न मावलेली.
ती माझ्या गणितात नव्हतीच.
ती वेगळ्या बादलीत.

अंधारायला लागतं तेव्हा सतरा.
अठराला एक कमी.
माझं गणित चुकलंय, किंवा
बांबू कुठेतरी पोचलेला नाही.

सुखदेव पिंपळाखालच्या कोपऱ्याकडे बोट करतो.
"तितं नाय जात मी. मशीन फसंल म्हनून सांगतो सायबाला."
"फसेल?"
"नाय फसायचं."

चिखलाच्या बोटांनी वहीत लिहिते :
न खोदलेला भाग, तीन मीटर गुणिले चार.
आत किती, ती जागा
कोरी.