ऐका ना

रेहेमा माझं नाव. आजोबा म्हणतात, रमा.
मधला 'हे' त्यांच्या कवळीत अडकतो.
बाबा म्वान्झाला असतात, मोठ्या तळ्याकाठी.
त्यांचं औषधांचं दुकान आहे, फोनमध्ये मागे बाटल्या दिसतात.
बडोद्याला शिकायला आले, आईला भेटले,
मी झाले, मग त्यांचं जमेना.
का जमेना, ते मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर दांडिया बाजार सोडून
आम्ही मांजलपूरला आलो,
आई, मी, माझी सायकल.
इथे किरीटभाई, आणि त्यांचा धैवत,
ज्याला पुढचे दोन दात नाहीत
पण मत प्रत्येक गोष्टीवर आहे.

किरीटभाई वजनकाटे दुरुस्त करतात.
घरभर पितळी वजनं.
वर्तमानपत्रावर दोनशे ग्रॅम,
दाराला अडसर म्हणून दहा किलो.
त्यांना काय म्हणायचं, एवढाच माझा प्रश्न.
'बाबा' दिलेलं आहे. 'पप्पा' धैवतचं.
'काका' म्हटलं की आईचं लाटणं थांबतं.
म्हणून मी म्हणते, "ऐका ना."
आई हसली. "अगं, असं तुझी आजी म्हणायची, आजोबांना!"
म्हणू दे.

सेव-उसळच्या गाडीवरचा माणूस
मला बघितलं की इंग्रजीत शिरतो.
कुठला देश?
मी म्हणते, "काका, तरी वधारे नाखजो."
तो लाजतो. तरी खरंच वाढते.
धैवत म्हणतो, रोज फसव ना त्याला.
मी कुठे फसवते?

आज रविवार, केस धुवायचा दिवस,
आणि आईची ड्यूटी ऐनवेळी बदललेली.
माझे केस पाणी लागलं की आवळून बसतात,
कंगवा आत गेला तर त्याचेही दात पडतात.
किरीटभाई तेलाची बाटली धरून उभे,
पेपर अवघड गेल्यासारखे.
मग त्यांनी काय केलं, तर बाबांना फोन लावला.
स्वतः. माझ्यासमोर.
फोन पाच किलोच्या वजनाला टेकवला.

बाबा नुकतेच उठलेले.
"टोकाकडून सुरू करा, किरीटभाई. मुळापासून नाही."
त्यांची गुजराती हॉस्टेलच्या मेसमधली,
अजून थोडी खारट.
"पोले पोले."
"एटले?"
"हळूहळू," मी सांगितलं.
"पोळी?" धैवत आतून ओरडला. "मने पण!"

किरीटभाईंनी एक डोळा मिटून भांग पाडला,
काट्याची सुई बघतात तसा.
डावीकडचे केस, उजवीकडचे केस.
"बराबर?" त्यांनी फोनला विचारलं.
"नाही. पण माझ्या आईलाही कधी जमला नाही."
दोघं हसले.
ते दोघं एकदम हसलेले मला आवडले की नाही,
ठरवता येईना. मान दुखत होती.

तेवढ्यात एक गुंता ओढला गेला,
डोळ्यांत पाणी आलं, गुंत्यामुळेच,
आणि मी म्हणाले, "ऐका ना—"

"हं," मागून.
"हं," फोनमधून.

मग कुणीच काही बोललं नाही.
मला काय सांगायचं होतं, तेही विसरले.

डावी वेणी घट्ट झाली, उजवी ढिली.
संध्याकाळी कमाटीबागेत उजवी सुटलीच.
धैवतने खिशातून एक रबरबँड काढला,
मांज्याचा गुलाबी रंग लागलेला, जरा चिकट.
बांधला तसाच.