चूकभूल देणे घेणे

हुपरीत आमच्या पावतीच्या तळाला छापलेलं असतं:
चूकभूल देणे घेणे.
राजारामपुरीतल्या या दवाखान्याच्या फॉर्मवर
नुसतं देणंच दिसतंय.

भूलतज्ज्ञ बाई आमच्या पोरीच्या वयाच्या.
म्हणाल्या, काका, धोका तसा कमी, लाखात एखादा.
मी म्हटलं, चाळीस वर्षं चांदी गाळतोय, बाई.
किलोमागं घट किती जाणार ते आधीच धरतो आम्ही,
वहीत तिचा वेगळा रकाना आहे.
पण घट कुणाच्या पैंजणातली गेली
हे मुशीला ठाऊक नसतं.
त्या हसल्या नाहीत.
पेनाचं टोपण काढून पुढं केलं.

राजमतीच्या पायातली जोडवी निघत नव्हती.
सिस्टरनं साबण लावला, मग खोबरेल.
लग्नात मीच घडवली होती, जोडी नऊ ग्रॅम.
आता आठही भरायची नाहीत,
उरलेली बोटाच्या वळात मुरलीय.
रुमालात बांधून माझ्याकडं दिली.

मी वाचत गेलो. दात हलू शकतो. घसा दुखेल.
पुढं बारीक अक्षरात जे होतं
ते तिला वाचून दाखवायचं टाळलं.
तळाला: मला समजेल अशा भाषेत सांगितले आहे.
भाषा मराठीच होती.

शेवटचं कधी खाल्लं, काकू?
काल दिवस मावळायच्या आत,
जन्माचा नेम सांगावा तशी ती म्हणाली
आणि माझ्याकडं बघितलं.

पहाटे पाचला डोकं फुटतंय म्हणाली,
तेव्हा कोपऱ्यावरच्या गाड्यावरनं मीच आणला होता
अर्धा कप, दुधाचा, साय धरलेला.
अंधारात तिनं काही तोंडात घातलेलं
मी बघितलं ते पहिलंच.
कुणाला सांगू नका म्हणाली. पोरांनाही नको.

एका पारड्यात अर्धा कप चहा.
दुसऱ्यात काय ठेवायचं
त्याचं वजनमाप माझ्याकडं नव्हतं.

चहा झालाय, बाई. पाचला. दुधाचा.

बाईंनी घड्याळ बघितलं,
फॉर्म माझ्या हातातनं काढून घेतला.
दुधाला सहा तास. दुपारी बघू.
मग हळूच, मला एकट्याला:
झोपेत वर आलं असतं, काका, छातीत उतरलं असतं.

राजमती भिंतीकडं तोंड करून पडलीय.
तुमच्या पोटात एक गोष्ट ऱ्हात न्हाई.
तिच्या पित्ताशयात तीन खडे, थोरला हरभऱ्याएवढा.
पोटात राहिलेलंच काढायला आलोय,
हे मी बोललो नाही.

फॉर्म टेबलावर. तिची सही झालीय, वाकडी.
खाली नातं: पती. तेवढंच मी लिहिलंय.

बऱ्याच वेळानं तिनं पाय पांघरुणाबाहेर काढला.
दुपारपर्यंत तरी घाला ती.
मोकळी बोटं बरी दिसत न्हाईत.

गाठ सोडली.
खोबरेल अजून तसंच होतं बोटांना,
लग्नातही इतकी सहज सरकली नव्हती.